मला शोधायला आलेलं हेलिकॉप्टर

मला आयुष्यात एकदाच लष्कराने शोधलं. मी काही गुन्हा केला नव्हता. उलट मी काहीच करू नये, नुसतं हरवावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती, आणि तेवढंसुद्धा मला धड जमलं नाही. हे प्रकरण त्या एका सकाळचं आहे. पण ती सकाळ कळायची तर आधी आमचं घर कळलं पाहिजे, आणि घर कळायचं तर आमचे अप्पा कसे लपायचे ते कळलं पाहिजे.

कुंभारवाड्याला बस तोंड फिरवते. तिथून तासभर रान तुडवलं की आमची वाडी: अकरा घरं, एक ओढा, भाताची थोडी खाचरं, आणि बाकी सगळं झाड. पहाटे आई उखळात भात कांडायची तो धप्‌धप्‌ आवाज, मग डोक्यावरून धनेशाची जोडी गेली की तिच्या पंखांचा घुसघुस आवाज, मग म्हशीचं आमच्याविषयीचं मत. सकाळी पेज, दुपारी भात, आणि मधे भूक लागली तर भाजलेली कणगी, रताळ्यासारखा कंद. माघात आमच्याकडे कंदांची चैन असायची. एकेक कोनफळ असं की दोघांनी धरून उचलावं. आई ते निखाऱ्यात पुरून ठेवायची आणि बरोबर लाल मुंग्यांची चटणी वाटायची. मुंग्या आणायचं काम माझं. झाडावरचं त्यांचं पानांचं घरटं फांदीसकट खाली ओढायचं, सुपात झटकायचं आणि पळायचं. आजही घरी नवा पाहुणा आला की मी त्याला ती चटणी आधी खाऊ घालते, वाहवा करून घेते आणि मग कशाची ते सांगते. मुलं म्हणतात, आई, आता वय झालं तुझं. झालंच आहे. म्हणून तर कोणी रागावत नाही.

आणि लपणी. मळणी आटोपली की आमच्या वाडीत लपणी व्हायची. पोरांची नव्हे; बाप्यांची. मिशीवाले, नातवंडं झालेले, एरवी फार कमी बोलणारे बापे त्या दिवशी पहाटे न्हायचे, देवापुढे नारळ ठेवायचे, आणि त्यांतले पाच जण रानात शिरून दडायचे. उरलेल्यांनी दिवस मावळायच्या आत त्यांना हुडकायचं. जो सापडणार नाही त्याच्या पानात पहिला भात पडायचा आणि पुढलं वर्षभर वाडीत त्याचा शब्द चालायचा. बांधावरून भांडण असो की म्हशीला कोणाचा रेडा दाखवायचा हा प्रश्न असो, विचारायचं त्याला. आमचे अप्पा सलग नऊ वर्षं सापडले नव्हते. एका वर्षी तर दिवस मावळला, दुसरा उजाडला, तरी त्यांचा पत्ता नाही. शेवटी आई रानाच्या कडेला जाऊन ओरडली, "अवो, भात निवतोय! येत न्हाईसा तर म्हशीला घालते!" आणि अप्पा तिच्या पाठीमागे चार हातांवरच्या झुडपातून उभे राहिले. आई त्या दिवशी जी दचकली ती तिने पुढे जन्मभर लावून धरली. "माणूस हाय का न्हाई ते कळंना," ती म्हणायची, "असल्या माणसासंगं संसार केलाय मी."

माझे गोपाळमामा, म्हणजे आईचे धाकटे भाऊ, पलीकडच्या टेकाडाखाली राहायचे. ते दर वर्षी लपणीत भाग घ्यायचे आणि दर वर्षी पहिले सापडायचे, कारण रानात एका गुप्त जागी ते काजूच्या बोंडांपासून, आणि बोंडं संपली की गुळापासून, जे औषध गाळायचे त्याचा वास त्यांच्या अंगाला बारा महिने असायचा. हुडकणारे नुसते वाऱ्याकडे नाक करून चालत जायचे.

अशा वाडीत, मी सतरा वर्षांची असताना, भर दुपारी हेलिकॉप्टर उतरलं. कापणी झालेल्या आमच्याच खाचरात. त्याला रंगच नव्हता. म्हणजे होता, पण गिलावा न केलेल्या भिंतीसारखा अर्धवट, पिवळट-हिरवा, जागोजागी वायरी चिकटपट्टीने चिकटवलेल्या, आणि नाकाखाली एक गोल काळा डोळा. त्याच्या वाऱ्याने आधी आमची गवताची गंजी वाडीभर वाटली गेली. मग खळ्यात वाळत घातलेल्या आईच्या मिरच्या उडाल्या. त्या वर गेल्या, पात्याने कुटल्या आणि तिखट होऊन खाली आल्या. दार उघडलं आणि भारतीय लष्कर शिंकत शिंकत आमच्या घरी आलं. आईने दोन्ही हात कमरेवर ठेवून सगळ्यांच्या शिंका संपेपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाली, "मिरच्या कुणी भरून देणार?"

त्यांच्याबरोबर एक बाई होत्या. कानावर पेन्सिल, डोळ्यांतून पाणी, हातात जाडजूड वही. कावेरी मॅडम. मूळच्या बेळगावकडच्या, त्यामुळे आमचं बोलणं त्यांना कळायचं. बेंगळुरूच्या एका कारखान्यात त्या हे हेलिकॉप्टर बनवणाऱ्यांत होत्या. आमच्या अंगणात बसून, कोनफळ खात, त्यांनी ते सगळं समजावून सांगितलं, आणि हेलिकॉप्टर म्हणजे देवाने पाठवल्यासारखं तयारच येतं ही माझी समजूत तिथे संपली. हे म्हणे तिसरं. पहिल्याच्या दारातून स्ट्रेचर आतच जाईना. कागदावर मोजमाप अगदी बरोबर होतं, पण कागदावरच्या माणसाला कोपरं नव्हती. दुसऱ्याचं दार रुंद केलं, तर माणसाला वर ओढणारी तार भोवऱ्यासारखी गरगरायची. पाय मोडलेला माणूस वर येईपर्यंत पाय विसरून ओकायचा. आता या तिसऱ्याला तार न फिरू देणारी कडी होती आणि नाकाखाली उष्णता बघणारा कॅमेरा. लढाईत विमान पडलं, वैमानिक छत्रीने रानात उतरला, झाडांखाली बेशुद्ध पडला, तर हा कॅमेरा पानांच्या फटींतून त्याच्या अंगाची ऊब ओळखणार. बर्फात चाललं होतं, समुद्रावर चाललं होतं. रान तेवढं राहिलं होतं.

"पण माणूस कुटं हाय हरवलेला?" आईने विचारलं.

"तोच पाहिजे, काकू. एक माणूस आम्ही हरवणार आणि मग शोधणार."

आईने त्यांच्याकडे बघितलं, मग हेलिकॉप्टरकडे, मग परत त्यांच्याकडे. "आदी आपणच हरवायचं, मग आपणच हुडकायचं. घरी काम न्हाई व्हय गे तुला?"

खरं तर त्यांनी आधी बाहुला वापरला होता. कापडी, माणसाएवढा, पोटात गरम पाण्याच्या पिशव्या घातलेला. तो त्यांनी रानात नेऊन ठेवला आणि अर्ध्या तासात माकडांनी उचलला. हेलिकॉप्टरला बाहुला सापडेना आणि लष्कराला माकडं सापडेनात. अप्पा उठले, पंचा खोचला, रानात गेले आणि विडी ओढून होईपर्यंत परत आले. एका हातात बाहुल्याची टोपी, दुसऱ्यात त्याचा एक पाय. "बाकीचं वाटून घेतलंय त्यांनी," ते म्हणाले. तेव्हापासून साहेब लोक अप्पांना सलाम करू लागले आणि अप्पा तो घेऊ लागले.

तर आता जिवंत माणूस हवा होता. वजनाला हलका, रानाला न भिणारा. मी हात वर केला. "शेवंता जाईल," माझ्या तोंडून माझंच नाव कोणीतरी दुसऱ्याचं सुचवावं तसं बाहेर पडलं. ठरलं असं: उद्या सकाळी मी रानात पाय मोडल्यासारखी पडून राहायचं. हेलिकॉप्टरने मला शोधलं की तारेने वर घ्यायचं आणि थेट जोयड्याला, माझ्या कॉलेजाशेजारच्या शाळेच्या मैदानावर, जिथे त्यांचा तंबू होता. पण त्यांच्या टाकीत तेल जेमतेम साडेअकरापर्यंत पुरणारं. तोवर नाही सापडले तर ते परत जाणार आणि मी पायी घरी. मॅडमचं तर त्याहून अवघड होतं. ती शेवटची फेरी होती. रानात माणूस सापडला नाही तर कॅमेरा काढून कपाटात ठेवणार होते. आज पोरीला असं हरवायला कोणी देणार नाही. शंभर कागद लागतील. तेव्हा अप्पांचा एक अंगठा पुरला.

मी मात्र त्याच संध्याकाळी कुंभारवाड्यापर्यंत पळत गेले आणि दुकानातल्या फोनवरून जोयड्याच्या मैत्रिणीला सांगितलं, की उद्या मी कॉलेजला हेलिकॉप्टरने येणार आहे, सगळ्यांना घेऊन मैदानावर ये. ती म्हणाली, "जा गे, बाता मारतेस." मी म्हणाले, "खरं नसलं तर परत कधी कॉलेजात तोंड दाखवणार नाही." असली वाक्यं मी तेव्हा फार सहज बोलायची. अजूनही बोलते, फक्त आता ऐकणारे लक्ष देत नाहीत.

सकाळी उठले तर अप्पा न्हाऊन बसलेले. देवापुढे नारळ.

"अप्पा, नारळ कशाला? ही लपणी न्हवं."

"मग काय हाय?"

"त्यास्नी मला हुडकायचं हाय."

"लपणीत बी हुडकायचंच असतंय की."

"पण मला सापडायचं हाय!"

अप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी गोपाळमामांशी लग्न करते म्हणाले होते. "सापडायला काय अक्कल लागती व्हय? गोपाळ दर वरसाला सापडतोय." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "हे बग शेवंते. त्यांनी माझ्याकडनं पोरगी मागितली न्हवं? म्हंजे घराची लपणी झाली. तू सांज होऊस्तवर बस. हेलिकाप्टराला बी कळूंदे."

आई चुलीपासून म्हणाली, "पोरीला वर जायचंय, जाऊ द्या की." पण नऊ वर्षं न सापडलेला माणूस नारळ ठेवून बसला की आमच्या वाडीत कोणाचं चालत नसे.

वाईट म्हणजे मॅडमचं सगळं बोलणं अप्पांनी मन लावून ऐकलं होतं. ऊब दिसते म्हणजे गारठ्यात ठेवलं पाहिजे. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक धबधबा आहे, दोन पुरुष उंचीचा, आणि पाण्याच्या पडद्यामागे एक कपार. तिथे त्यांनी मला बसवलं. पायाखाली पाणी, पाठीला पाणी, समोर पाणी. वरून ओल्या नेच्याची पानं घातली. तोंडाला चिखल फासला. मग माझ्या डोक्याजवळ नाक आणून कपाळाला आठ्या घातल्या.

"खोबरेल लावलंस?"

"त्याला नाक न्हाई अप्पा, कॅमेरा हाय."

"डोळा असतोय तिथं नाक असतंयच," असं म्हणून त्यांनी चिखलाचा आणखी एक हात केसांवर फिरवला आणि निघून गेले. निघून गेले असं मला वाटलं.

मी दात वाजवत बसले. थोड्या वेळाने हेलिकॉप्टर आलं. आवाज आधी छातीत वाजायचा, मग कानात. ते गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. आणि मला तिथे काहीच दिसत नसताना, बाहेर जे चाललं होतं ते मला पुढे वीस जणांनी वीस तऱ्हांनी सांगितलं. त्यातलं सगळ्यात चांगलं मी इथे देते.

पहिल्यांदा कॅमेऱ्यात एक मोठा पांढरा ठिपका दिसला. पडलेला, न हलणारा. मॅडम ओरडल्या, "सापडली!" तारेवरचा हवालदार खाली सुटला. तो मोठ्या मिशांचा, उत्तरेकडचा, आमच्या बोलीचा एक शब्द न येणारा गडी. पानांतून खाली उतरला तो थेट आमच्या म्हशीसमोर. ती चिखलात लोळत होती. दोघांनी एकमेकांना नीट पाहून घेतलं. हवालदाराने वर खूण केली: ही नाही.

दुसऱ्यांदा कॅमेऱ्यात ठिपका दिसला तो इतका पांढरा, इतका झगझगीत, की मॅडमना वाटलं मला एकशेपाचच्या वर ताप चढलाय. हवालदार घाईघाईने उतरला. खाली तांब्याचा हंडा, त्याखाली जाळ, त्याला लावलेली नळी, आणि नळीच्या टोकाशी उकिडवे बसलेले माझे गोपाळमामा. मामांची गुप्त जागा. वन खात्याला बारा वर्षांत जी सापडली नव्हती. वर मान करून मामांनी पाहिलं तर आभाळातून लष्कर, बूट पुढे करून, सरळ त्यांच्या हंड्यावर उतरतंय. "एवढ्या एका हंड्यासाठी?" एवढंच मामा म्हणाले म्हणे, आणि जे पळाले ते कुंभारवाड्यापर्यंत, आणि तिथे जी पहिली जीप मिळाली तिच्यात बसून जोयड्याला. गर्दीत लपावं हा विचार.

इकडे समोरच्या दगडावर उन्हाची तिरीप आली. म्हणजे अकरा वाजून गेले. मला मैदान दिसत होतं. मैत्रिणी दिसत होत्या. त्यांचं आभाळाकडे बघणं, मग एकमेकींकडे बघणं, मग हसणं. परत कधी तोंड दाखवणार नाही, हे माझं वाक्य मला तोंडपाठ होतं. हेलिकॉप्टरचा आवाज पुन्हा जवळ येऊ लागला आणि मी ठरवलं. नेच्याची पानं झटकली, पाण्याचा पडदा फोडून बाहेर आले आणि ओढ्याच्या मधल्या उघड्या जागेत जाऊन उभी राहिले.

"बस खाली!"

दहा पावलांवरचं एक खोड बोललं. अप्पा. सबंध वेळ तिथेच होते. पोरीला अस्वलांच्या रानात एकटी ठेवून जाणारा बाप नव्हता तो. पण मला एकदाही दिसले नव्हते. त्यांनी ओढ्यात बुडवलेलं आपलं कांबळं माझ्यावर टाकलं, मला दगडासारखं खाली दाबलं आणि म्हणाले, "हालू नको. दिसंना झालीस बग." आणि माझी सतरा वर्षांची सवय अशी की मी हलले नाही. गार कांबळ्याखाली मी अगदी दगड झाले. आणि अप्पा, उघड्या अंगाने, रागाने तापलेले, ओढ्याच्या ऐन मध्यात उभे. कॅमेऱ्याला अख्ख्या रानात त्याहून चांगला माणूस मिळाला नसता.

हवालदार उतरला. अप्पा दोन्ही हातांनी त्याला हुसकू लागले: "जावा, हितं कोण न्हाई! फुडं बगा!" हवालदाराला शिकवलेलं असं, की सापडलेला माणूस हातवारे करत असेल तर तो भेदरलेला आहे, त्याला आधी पट्ट्यात घ्यायचं, समजूत मागून. "घबराना नहीं, घबराना नहीं," म्हणत त्याने अप्पांना पोटाशी धरलं, दोन कड्या अडकवल्या आणि अंगठा वर केला. मी उठायला गेले तर वरच्या वाऱ्याने ते ओलं कांबळं माझ्याभोवती असं गुंडाळलं की मी हळदीच्या पानातल्या पातोळीसारखी ओढ्यात लोळले. डोकं बाहेर काढलं तेव्हा अप्पांचे पाय झाडांच्या वर गेले होते. तार मुळीच गरगरत नव्हती. कडी उत्तम चालत होती. आणि आवाजाच्या वर आवाज काढून अप्पा ओरडत होते, "अरं सोड! मी हरवलोय व्हय? ह्यो माझा वढा हाय! माझा वढा हाय ह्यो!"

दार बंद झालं. हेलिकॉप्टरने नाक जोयड्याकडे केलं आणि ते गेलं. हरवलेलं एक माणूस मिळालं होतं. काम संपलं होतं.

मी रडले. आता सांगायला हरकत नाही. नुसती अप्पांसाठी नाही. माझं विमान बापाने नेलं म्हणून रडले.

वर काय झालं ते मॅडमनी मला नंतर सांगितलं. त्या पुढे पडद्याला डोळे लावून बसल्या होत्या; मागे हवालदाराने अप्पांच्या कानांवर बोलायचं यंत्र चढवलं तेव्हा कुठे त्यांचं बोलणं कळलं: पोरगी खाली राहिली. मॅडमचा चेहरा उतरला; ज्याला शोधलं तो शोधायचा माणूस नव्हताच. वैमानिक साहेब म्हणाले, पाच मिनिटांचं तेल जास्तीचं आहे, जागा दाखवा. अप्पांनी खाली बघितलं. आणि ज्या माणसाला त्या रानातलं प्रत्येक झाड माहीत होतं, त्याला एकही ओळखू येईना. झाडांचे बुंधे नाहीत, वाटा नाहीत, वास नाही. नुसती हिरवी डोकी. "तितं," ते म्हणाले. तिथे नव्हतं. "न्हाई, पल्याड." तिथेही नव्हतं. मग त्यांनी बोट खाली घेतलं आणि मॅडमच्या मनगटाला धरलं. "बाई," ते म्हणाले, "मला गावंना. तुमच्या डोळ्याला बगायला सांगा. माझी पोरगी हाय ती."

मी कांबळं फेकून गार पाण्यात गुडघाभर उभी होते. मॅडम म्हणतात, पडद्यावर काळ्या ओढ्यात एक लहानसा पांढरा ठिपका होता आणि तो नाक पुसत होता.

आवाज परत आला तेव्हा मी दोन्ही हात वर केले. हवालदार पुन्हा उतरला, या खेपेला नीट चौकशी करून. कड्या अडकल्या, पाय पाण्यातून सुटले, आणि हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा क्षण होता म्हणून मी डोळे घट्ट मिटले. मुद्दाम नव्हे. ते आपोआप मिटले आणि उघडेचनात. मला आत ओढलं, बसवलं, पट्टा बांधला. मी डोळे मिटलेले. अप्पांनी माझा दंड धरला, इतका की चार बोटं उठली. मी डोळे मिटलेले. मनात म्हणत होते, आता उघडते, त्या वळणावर उघडते, जरा आवाज कमी झाला की उघडते. आवाज कमी झाला. झाला, कारण आम्ही उतरलो होतो.

मैदानावर अर्धा जोयडा लोटला होता. माझा सबंध वर्ग. चहावाले, जीपवाले, कचेरीतले दोन कारकून. आणि एका झाडामागे गोपाळमामा, ज्यांच्यासाठी लष्कर आता दुसऱ्यांदा येत होतं. ते उडी मारून कुंपणाबाहेर जाणार तोच अप्पांना उतरताना पाहून जागीच खिळले. मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला.

"भावजी!" मामा ओरडले. "म्हंजे तुमी सापडलासा?"

सगळे हसले. नऊ वर्षं ज्याची वाट बघितली ते मामांना एका सकाळी मिळालं होतं. "सापडलं गा, आमचं भावजी सापडलं! बरं ते ऱ्हाऊ द्या, वर जाऊन आलासा न्हवं? काय काय दिसलं, सांगा की!"

सगळे पुढे सरकले. अप्पांनी तोंड उघडलं. त्यांनी सगळं बघितलं होतं. माझ्यासाठी खाली बघून बघून त्यांचे डोळे लाल झाले होते. आमच्या वाडीतलं इतक्या उंचावरून रान पाहिलेले ते एकमेव माणूस होते, आणि ती गोष्ट त्यांना मरेपर्यंत पुरली असती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या मैत्रिणींकडे बघितलं. दंड धरून बसलेल्या माणसाला शेजारच्याचे डोळे मिटलेले होते हे कळतंच.

"मी?" अप्पा म्हणाले. "मी काय बगतोय. मी भ्यालो, गोपाळ. वर गेल्यापासनं डोळं झाकून देवाचं नाव घेत बसलो हुतो. शेवंतीनं बगितलं सगळं. तिला इचारा."

मामांना तो दिवस म्हणजे दिवाळी. पण बाकीच्या सगळ्यांनी माना माझ्याकडे वळवल्या. अप्पा खाली बसले, आणि पायातला काटा काढायचा असावा तसे वाकून राहिले. त्यांच्या पायात काटा नव्हता.

मी तोंडावरचा वाळलेला चिखल पुसला. शाळेच्या व्हरांड्यातल्या बाकावर चढले. घसा साफ केला.

"पयलं म्हंजे," मी म्हणाले, "ढग."

"ढग?" माझी मैत्रीण म्हणाली. तिने वर बघितलं, मग सगळ्यांनी बघितलं. आभाळ धुतलेल्या ताटासारखं स्वच्छ. "आज एक ढग न्हाई गे आभाळात."

मीही वर बघितलं.

"खालनं दिसत न्हाईत ते," अप्पा पायाकडे बघतच म्हणाले. "तू सांग फुडं."